कथित पिता

माझ्या नावापुढे ज्याचं नाव लागत होतं, तो माणूस माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी वारला होता. हे मला सतराव्या वर्षी कळलं, तेही आईच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड शोधताना. घडी घालून ठेवलेला मृत्यूचा दाखला हाती लागला. त्यावरची तारीख वाचली, पुन्हा वाचली आणि बोटांवर वर्षं मोजली. मोजायला फार वेळ लागला नाही.

आई बाहेर ओट्यावर झेंडू ओवत बसली होती. पंचवटीत आमची एक खोली होती आणि गल्लीच्या तोंडाशी तिचं हारांचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी फळी आणि वर ताडपत्री. मी दाखला तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तिने ओळखला. हातातला हार पुरा केला, गाठ मारली आणि म्हणाली, "बस."

मी बसले.

"हा माझा नवरा. लग्नाला दोन वर्षं नाय झाली तर साप चावून गेला. तुला शाळेत घातली तवा बाईंनी बापाचं नाव विचारलं. मी हेच सांगितलं. दुसरं कोणतं सांगणार?"

"मग माझा बाप कोण?"

"एकलहऱ्याचे काका," आई म्हणाली आणि पाटीतली फुलं चाळू लागली.

मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. आतून कुठेतरी ते माहीत असल्यासारखंच होतं. फक्त कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

एकलहऱ्याचे काका तिथल्या थर्मल वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होते. मी पाचवीत जाईपर्यंत सुट्टीच्या वारी ते आमच्याकडे यायचे. निळा शर्ट घातलेला असायचा आणि कितीही धुतला तरी त्याच्या शिवणीत करडी राख राहायची. आई हार ओवायची तेव्हा ते खोक्यावर बसून दोऱ्याचं दुसरं टोक धरायचे. जूनमध्ये माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायचं काम त्यांचं. जाड खाकी कागद आणायचे, नखाने घडी पक्की करायचे, लेबल चिकटवायचे आणि आपल्या वळणदार अक्षरात माझं नाव लिहायचे. नुसतं नाव आणि आडनाव. मधली जागा कोरी सोडायचे. मी म्हणायची, "काका, वडलांचं नाव राहिलं." ते म्हणायचे, "ते तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." मग मी त्या मेलेल्या माणसाचं नाव तिथे लिहायची, आणि ते शेजारी बसून बघायचे.

पाचवीत असताना एक दिवस एक बाई दुकानावर आली. आईशी हळू आवाजात काहीतरी बोलली आणि निघून गेली. ती काकांची बायको होती. भांडण झालं नाही, आरडाओरडा झाला नाही. पण त्यानंतर काका आले नाहीत. मी सहावीची पुस्तकं तशीच, कव्हराविना वापरली. आईने वर्तमानपत्राची घालू का विचारलं, तर मी नको म्हणाले.

दाखला सापडल्यावर मी वर्षभर गप्प राहिले. मग आयटीआय केलं आणि अंबडच्या एका कारखान्यात लागले. तिथे विजेचे स्विच बनायचे, मी तपासणीच्या टेबलावर होते. बसने घरी येताना नाशिकरोडच्या बाजूला जाणारी गाडी दिसली की वाटायचं, त्यात बसावं. दोन-तीनदा बसलेही. काका निवृत्त होऊन नाशिकरोडला राहतात एवढं आईकडून कळलं होतं. त्यांच्या कॉलनीबाहेर चहाची टपरी होती. सकाळी ते तिथे येऊन बसायचे, बिडी ओढायचे, पेपर वाचायचे. मी पलीकडे रस्त्याला उभी राहून पाहायची. ते म्हातारे झाले होते. खांदे पडले होते. मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. शेवटचं पाहिलं तेव्हा मी दहा वर्षांची होते.

मला त्यांच्याकडून काही नको होतं. घर नको, पेन्शनीतला वाटा नको. त्यांनी एकदा कोणासमोर तरी म्हणावं, ही माझी मुलगी आहे, एवढंच मनात होतं. पण असं जाऊन म्हणायला कसं लावायचं माणसाला?

त्या सुमाराला एका साप्ताहिकात जाहिरात पाहिली. घरबसल्या पितृत्वाची तपासणी, नमुना पोस्टाने पाठवा, गुप्तता राखली जाईल. मी एक चूक केली, ती सांगून टाकते. एका सकाळी काका टपरीवरून उठल्यावर मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी टाकलेलं बिडीचं थोटूक रुमालात उचललं. माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून तो दुसऱ्या पाकिटात घातला. दोन्ही कुरियरने पाठवलं. महिनाभर पोस्टमन दिसला की मी ओट्यावर येऊन उभी राहायची. शेवटी पत्र आलं. थोटकातून काही निष्पन्न झालं नाही, दुसरा नमुना पाठवावा.

ते पत्र घेऊन मी सीबीएस बसस्टँडजवळच्या एका वकीलबाईंकडे गेले. साठीच्या होत्या, केस आखूड, टेबलावर फायलींचे गठ्ठे. त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"हे थोटूक कोणी उचललं?"

"मी."

"कोणासमोर?"

"कोणी नव्हतं."

"मग ते त्याच माणसाचं होतं कशावरून? टपरीवर दहा जण बिड्या ओढतात. समजा यातून हो असं उत्तर आलं असतं, तरी कोर्टाने ते बाजूला ठेवलं असतं. शिवाय एखाद्याला न सांगता त्याचं काही उचलून तपासायला देणं, हे मला पटत नाही. पुन्हा करू नकोस."

मी मान खाली घातली. त्यांनी पाणी दिलं, मग प्रश्न विचारायला लागल्या.

"तुझा जन्म झाला तेव्हा तुझी आई कोणाची बायको होती का?"

प्रश्नाचा मला राग आला. त्यांना तो दिसला.

"अगं, चिडू नकोस. हे आधी माहीत हवं. बाई लग्नाची असेल, नवरा-बायकोचा संबंध असेल, तर मूल त्या नवऱ्याचंच असं कायदा धरून चालतो. मग रक्त तपासून द्या म्हटलं तरी कोर्ट सहसा ऐकत नाही."

मी मृत्यूचा दाखला आणि माझा जन्माचा दाखला पुढे केला. त्यांनी दोन्ही तारखा पाहिल्या. "हे जपून ठेव," म्हणाल्या. "तुझ्या केसमध्ये रक्ताच्या आधी हे दोन कागद बोलणार आहेत."

मग त्यांनी सगळं सावकाश समजावलं. कोर्टाचा हुकूम लागतो आणि तो सहज मिळत नाही, कारण अशा तपासणीने एखाद्याचं घर मोडू शकतं. आधी इतर पुरावा दाखवावा लागतो, पत्र, फोटो, शेजारच्यांची साक्ष. हुकूम झाला तरी पोलीस धरून कोणाच्या अंगातून रक्त काढत नाहीत. तो माणूस नाही म्हणाला तर कोर्ट त्याच्या नकाराचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावू शकतं, लावेलच असं नाही. रक्त सरकारी डॉक्टरने, ठरल्या दिवशी, सगळ्यांसमोर काढायचं. फोटो, सह्या, अंगठे, सील. एक कडी तुटली की सगळं वाया.

"आणि आईचंही रक्त लागेल," त्या म्हणाल्या. "तिच्याशिवायही होतं, पण तिचं असलं की निकाल पक्का."

शेवटी विचारलं, "आणि निकाल नाही असा आला तर? तयारी आहे?"

मी हो म्हणाले. ते खोटं होतं.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हार ओवता ओवता म्हणाली, "मला ठाव हाय ना कोणाची तू. मग माझं रक्त काढून दुसऱ्याला कशापायी इचारायचं? मी खोटी हाय का?"

"तू खोटी नाहीस. मला कागद पाहिजे, आई."

"कागद," ती म्हणाली. "कागदानं कव्हर घालता येतं."

तिने हा टोमणा मारला की तिला खरंच ती पुस्तकं आठवली, मला कळलं नाही. मी उठून आत गेले आणि रडले.

काकांना नोटीस गेली. उत्तर त्यांच्या वकिलाकडून आलं. सदर मुलीशी अगर तिच्या आईशी आमच्या अशिलाचा काहीएक संबंध नाही. टाइप केलेलं, खाली काकांची सही. अक्षर तेच, वळणदार. मी कितीतरी वेळ त्या सहीकडे पाहत होते. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातचं काहीतरी घरात आलं होतं आणि ते असं.

दावा उभा राहिला. तारखा पडत गेल्या. कारखान्यात दर वेळी रजा मागताना मी दाढदुखी सांगायची. काका पहिल्या तारखांना आलेच नाहीत, त्यांचा थोरला मुलगा वकिलासोबत यायचा आणि माझ्याकडे न बघता बसायचा. मग ज्या दिवशी तपासणीच्या अर्जावर बोलणं होतं त्या दिवशी ते आले. मागच्या बाकावर बसले. त्यांचे वकील उठून सांगत होते की ही मागणी बदनामीसाठी आहे, वय झालेल्या माणसाला त्रास द्यायला आहे. तेवढ्यात मागून आवाज आला.

"द्यायचंय मला."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. वकील मागे वळले.

"रक्त द्यायचंय," काका उभे राहून म्हणाले. "माझी हरकत नाही."

मुलगा त्यांचा हात ओढत होता. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण बसलेही नाहीत. कोर्टाने त्यांना पुढे बोलावून दोनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे का, याचा परिणाम काय होईल ते समजलंय का. दोन्ही वेळा ते म्हणाले, "समजलंय." संमती लिहून घेतली गेली. वकीलबाई माझ्या कानात म्हणाल्या, "असं फार वेळा होत नाही."

ठरल्या दिवशी मी आणि वकीलबाई सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. आई आली नाही. काका एकटेच रिक्षाने आले. व्हरांड्यातल्या बाकड्यावर आधी मी, मग वकीलबाईंची बॅग, मग ते. वकीलबाई डॉक्टरांना भेटायला आत गेल्या आणि आम्ही दोघं राहिलो.

"कुठे आहेस कामाला?" त्यांनी विचारलं.

"अंबडला. स्विच बनवतात."

"तू काय करतेस?"

"तपासणी."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "लोड लावून तपासता की नुसता चालू-बंद?"

मी सांगितलं. मग ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. आतले कॉन्टॅक्ट कोणत्या धातूचे असतात, किती वेळा दाबून बघता, कुठला माल परत येतो. "चांगला स्विच आवाजावरून कळतो," ते म्हणाले. "बोटाला कळायच्या आधी कानाला." मला कितीतरी दुसरं बोलायचं होतं. पण तो अर्धा तास स्विचवर गेला आणि तो संपू नये असं वाटत होतं.

आत बोलावलं. डॉक्टर फॉर्म भरत होते. ओळखपत्रं पाहिली, मग काकांना विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय?"

"हो. दीड महिन्यापूर्वी. पोटात रक्तस्राव झाला होता. दोन बाटल्या दिल्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग आज नाही घेता येणार. दुसऱ्याचं रक्त अंगात असताना नमुना घेतला तर पुढे कोणीही शंका काढेल. कोर्टाकडून पुढची तारीख घ्या."

काका बाहेर येऊन म्हणाले, "रक्त चढवलेलं चालत नाही हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधीच सांगितलं असतं." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. बाहेर जाऊन रिक्षात बसले आणि गेले.

नवी तारीख मिळायला आणि यायला तीन महिने गेले. त्या दिवसांत मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सकाळी पेपर आला की आधी निधनाच्या बातम्या वाचायची. पोटातल्या रक्तस्रावाने माणूस जातो हे मला माहीत होतं. ते गेले तर निकाल अर्धवट राहील ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला पुन्हा एकदा त्या बाकड्यावर बसायचं होतं.

दुसऱ्या वेळी आई आली. सकाळी उठून न बोलता तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "चल." सिव्हिलच्या व्हरांड्यात काका आधीच बसलेले. तिला पाहून उठून उभे राहिले. अकरा-बारा वर्षांनी भेटत होते दोघं.

"दुकान चालतं?" त्यांनी विचारलं.

"चालतं." आई बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही नुसतं हो म्हटलं असतं तर पोरीला सुई टोचायची येळ नसती आली."

"हो," काका म्हणाले. एवढंच.

त्या दिवशी सगळं झालं. तिघांचे फोटो फॉर्मवर चिकटवून डॉक्टरांनी त्यांच्यावरून आडवी सही केली. तिघांचे अंगठे. एकेकाला खुर्चीत बसवून इतरांसमोर रक्त काढलं, बाटलीवर चिठ्ठी लावली, ती आम्हाला वाचायला लावली. दोन्ही वकील वाकून बघत होते. मग पाकिटं, दोरा, लाख वितळवून सील. काकांच्या चिठ्ठीवर आधीच छापलेल्या शब्दांखाली कारकुनाने त्यांचं नाव लिहिलं होतं. ते चष्मा लावून वाचत होते.

"कथित पिता," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कथित म्हणजे?"

"म्हणजे अजून ठरायचंय, असं," कारकून म्हणाला.

काकांनी मान हलवली आणि सही केली. नंतर ते हाताच्या कापसावर बोट दाबून बसून राहिले. मीही तशीच बसले होते, त्याच हातावर, तसंच बोट दाबून. आई समोर होती. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

अहवाल कोर्टात सीलबंद आला, पाचेक महिन्यांनी. वकीलबाईंनी कारखान्यात फोन केला. सुपरवायझरच्या टेबलापाशी उभी राहून मी ऐकलं. "तेच आहेत. शंका नाही." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि टेबलावर परत येऊन उरलेला माल तपासला. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मी काय सांगत व्हते?" पण त्या संध्याकाळी तिने ओवलेला हार दोनदा सुटला.

कोर्टाने तसं जाहीर करून दिलं. त्या दिवशी काका आले नाहीत. त्यांच्या घरून कोणीच आलं नाही. हातात निकालाची शिक्क्याची नक्कल होती, तिच्यात 'कथित' हा शब्द आता नव्हता, आणि तरी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर एकटी उभी होते. असं असेल हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आजही कोणी विचारायला येतं, कारखान्यातल्या एकीने आपल्या बहिणीसाठी विचारलं होतं, तेव्हा मी सगळं सांगते. पोस्टाने काही पाठवू नका, आधी वकिलाला भेटा, लग्नाच्या आणि जन्माच्या तारखा जुळवून बघा, रक्त चढवलं असेल तर लपवू नका, लेबल स्वतः वाचा. आणि हेही सांगते की कागद नातं सांगतो, माणूस घरी आणून देत नाही.

महिन्याभराने एका शनिवारी पाळी सुटली तेव्हा गेटबाहेर काका उभे होते. समोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी 'बाबा' म्हणायचं ठरवलं होतं, बसमध्ये पुटपुटूनही पाहिलं होतं. तोंडातून आलं, "काका, साखर?"

"चालेल," ते म्हणाले. कशाला चालेल म्हणाले, साखरेला की हाकेला, कोण जाणे.

असे ते चार वेळा आले. एकदा थर्मलच्या गोष्टी सांगितल्या, एकदा माझ्या लग्नाचं विचारलं, एकदा बेसनाचे लाडू आणले, बहुतेक विकतचे. मी गॅझेटात नाव बदलून घेतलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी ते मला कागदाच्या तुकड्यावर पूर्ण लिहून दाखवायला लावलं आणि तो तुकडा खिशात ठेवला. घरी ये असं कधी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. पाचव्या वेळी ते आले नाहीत. गेटवर मी बरेच शनिवार थांबले.

थोरल्या मुलाने वकीलबाईंना फोन करून कळवलं, "तिला सांगा, गेले ते." मी आणि आई नाशिकरोडला गेलो. अंगणात लोक जमले होते. आई फाटकाशीच थांबली, मी आत गेले. बायकांत एकीने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मुलगी," मी म्हणाले.

त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "तिला बसायला जागा द्या."

मी तिथे बसले, बायका रडत होत्या तसं मलाही रडू आलं आणि ते कोणाला वावगं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. माझा जन्म झाला त्या दिवशी ते कुठे होते, ड्यूटीवर होते की आले होते मला बघायला. आईला विचारलं तर ती म्हणते, तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही. चार शनिवार होते माझ्याकडे आणि चारही वेळा मी ते पुढच्या वेळेवर टाकलं.